दोन दिवस, तीन शहरं आणि बाबांचा गुडघा

वाचकाचं पत्र, थोडक्यात : नेदरलँड्समधल्या आइंडहोवनहून एका मैत्रिणीनं लिहिलं आहे. ती आणि तिचा नवरा सहा वर्षांपासून तिथे नोकरी करतात. सध्या तिचे आई-बाबा साताऱ्याहून आले आहेत. बाबा महसूल खात्यातून निवृत्त, वय ६९, उजवा गुडघा दुखरा. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. शाकाहारी, अंडंही खात नाही. दिवाळीला घरी पोचायचं म्हणून परतीची तिकिटं काढलेली आहेत. त्याआधी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी, त्यांना स्पेन दाखवायचं तिच्या मनात आहे. शुक्रवारी रात्री सेव्हिलला उतरायचं, शनिवारी सकाळी सेव्हिल, दुपारी रेल्वेनं कोर्दोबा, रविवारी पहाटे ग्रनाडा, तिथला अलहंब्रा (जुन्या मुस्लिम राजांचा किल्ला आणि महाल), आणि संध्याकाळी पुन्हा सेव्हिलच्या विमानतळावर, असा बेत तिनं आखला आहे. नवरा म्हणतो, ‘एवढी पळापळ नको, सेव्हिलच नीट बघू.’ बाबा म्हणतात, ‘एवढा खर्च करताय तर सगळं होऊन जाऊ दे.’ आई म्हणते, ‘तुम्ही न्याल तिथे येऊ.’ महिन्याभरापूर्वी पॅरिसला नेलं तेव्हा दोन दिवसांत नऊ ठिकाणं झाली. परत आल्यावर आई फोनवर मावशीला ‘पायाचे तुकडे पडले गं’ म्हणताना तिनं ऐकलं. तरीही तिला वाटतं, ‘ते पुन्हा युरोपात येतील की नाही कोणास ठाऊक. काही राहून गेलं तर मलाच आयुष्यभर लागून राहील. ताई, मी काय करू?’

प्रिय मैत्रिणी,

तू मला ‘ताई’ म्हणालीस, तेव्हा मी तुला ‘तू’च म्हणते. पत्रासोबत पाठवलेला बेतही नीट वाचला. अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, प्रत्येक गाडीची वेळ, कुठे किती मिनिटं थांबायचं, सगळं त्यात आहे. त्यासाठी तू किती रात्री जागली असशील ते कळतं. त्यामुळे पुढचं लिहिताना एवढीच काळजी वाटते, की तुझ्या कष्टांना मी नावं ठेवते आहे असं तुला वाटू नये. तुझी माया प्रत्येक रकान्यात दिसते. गडबड आहे ती वेळेच्या हिशेबात.

तो हिशेबच आधी मांडू. शुक्रवारी विमान रात्री दहाला उतरणार. बॅगा, टॅक्सी, खोलीची किल्ली, हे होईतो साडेअकरा. शनिवारी सकाळी नऊ ते रात्री नऊ धरलं आणि त्यातून जेवणखाण नि दुपारची विश्रांती वजा केली, तर हाती उरतात आठ तास. रविवारी साडेसातचं विमान गाठायचं तर साडेचारला शहर सोडायला हवं. जेवण वजा जाता सहा तास. म्हणजे ‘दोन दिवस’ म्हणताना आपल्या हातात असतात चौदा तास. आता तुझा प्रवास. सेव्हिलहून कोर्दोबाला वेगवान रेल्वे पाऊण तासात पोचवते, हे खरं. पण स्टेशनवर वेळेआधी जायचं, बॅगा तपासून घ्यायच्या, दोन्हीकडे टॅक्सी शोधायची. जाऊन-येऊन तीन तास गेले. ग्रनाडा रस्त्यानं अडीचशे किलोमीटर. एका बाजूचे अडीच ते तीन तास, येणं-जाणं मिळून सहा. चौदातले नऊ तास बाबा खुर्चीत बसून खिडकीबाहेरची ऑलिव्हची झाडं बघणार. उरलेल्या पाचांत तीन शहरं. त्यातल्या एकट्या अलहंब्रालाच तीन तास लागतात, तेही सतत चालून.

अलहंब्राचं आणखी एक सांगते. तिथलं तिकीट नावानिशी असतं, पासपोर्टचा नंबर घालून काढावं लागतं, आणि आतल्या नासरी महालात शिरायची वेळ त्यावर छापलेली असते. ती चुकली की दार बंद. गाडीला उशीर झाला तर ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला तेच बाहेरून बघून परतावं लागेल. शिवाय शनिवार-रविवारची ही तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. तू अजून काढलेली नाहीस असं पत्रावरून वाटतं.

इतकं सगळं असूनही तू हा बेत सोडायला तयार नाहीस. मला वाटतं, त्यामागे आपल्या सगळ्यांच्या मनात मुरलेली एक सवय आहे. लहानपणी आपण दोन दिवसांत अष्टविनायक केलेले असतात. पहाटे चारला उठायचं, थंड पाण्यानं आंघोळ करायची, दर्शन झालं की धावत गाडीत बसायचं, पुढचा गणपती. तिथे ती घाई शोभते, कारण यात्रा आठांची आहे, सात करून चालत नाही. पण सेव्हिल, कोर्दोबा आणि ग्रनाडा यांना एका माळेत ओवलंय ते प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांनी. दक्षिण स्पेनच्या अंदालुसिया भागातली ही तीन वेगवेगळी शहरं आहेत, प्रत्येकाचा इतिहास निराळा, चढउतार निराळे. त्यांतलं एकच पाहिलं म्हणून काही अपुरं राहत नाही आणि दोष लागत नाही. तू सहल आखताना मनात यात्रेचा नियम लावते आहेस का, एवढं स्वतःला विचारून बघ.

आता आई-बाबांच्या बोलण्याबद्दल. ‘एवढा खर्च करताय तर सगळं होऊन जाऊ दे,’ हे वाक्य तू ‘बाबांना सगळं बघायचंय’ असं वाचलंस. मला ते वेगळं ऐकू येतं. आयुष्यभर महसुलात काढलेला माणूस आहे. जावयाच्या आणि लेकीच्या पैशांचा हिशेब तो मनात सारखा करत असणार. एका कॉफीचे किती रुपये झाले, हे त्यांच्या चेहऱ्यावर तूही पाहिलं असशील. पैसे वाया जाऊ नयेत, ही त्यांची काळजी. त्यावर तीन शहरांची धावपळ हा उपाय नव्हे. तिकिटं आधीच काढून ठेव, जेवणाचे पैसे नवऱ्यानं आत जाऊन द्यावेत, आणि बाबांना मनापासून सांग, ‘एका शहरात थांबल्यानं गाडीभाडं वाचलं.’ हे खरंच आहे, आणि त्यांना पटेलही.

आईचं ‘तुम्ही न्याल तिथे येऊ’ हे तर उत्तरच नाही. चाळीस वर्षं संसार आणि शाळा सांभाळताना तिला कोणी ‘तुला काय हवंय?’ असं विचारलं असेल, तर किती वेळा? अशा माणसाला एकदम ‘काय बघायचं सांग’ म्हटलं की ती गोंधळते आणि निर्णय तुमच्यावर सोपवते. म्हणून प्रश्न लहान करून विचार. रात्री जेवण झाल्यावर फोनवर तीन फोटो दाखव: एक बागेचा, एक नाचाचा, एक बाजाराचा. ‘आई, यातलं एकच मिळणार असेल तर कुठलं?’ बोट कुठेतरी ठेवेलच. बाबांनाही तसंच विचार. चौघांपैकी प्रत्येकाचा एक हट्ट, तो दोन दिवसांत पुरवायचाच, बाकी जमेल तसं. मी हे घरात बरेचदा केलं आहे. म्हातारी माणसं ‘हट्ट’ या शब्दाला लाजतात, पण मग खरं सांगतात.

आणि तुझी ती ओळ, ‘मलाच आयुष्यभर लागून राहील.’ ही भीती मी हलकी मानत नाही. परदेशात राहणाऱ्या किती लेकींची आणि लेकांची पत्रं याच वाक्यावर संपतात. वर्षातले अकरा महिने आपण त्यांच्याजवळ नसतो, त्याची भरपाई मग एका शनिवार-रविवारी करायला जातो. पण पॅरिसमधली ती नऊ ठिकाणं झाल्यावर तुझ्या मनाला समाधान वाटलं का? वाटलं असतं तर आईचा तो फोन तुझ्या पत्रात आला नसता. लागून राहिलं आहे ते न बघितलेल्या दहाव्या ठिकाणापेक्षा आईच्या दुखऱ्या पायांचं. मला वाटतं, त्या दुखण्याकडे तू आधीच लक्ष दिलं आहेस. फक्त अजून बेतात उतरवलेलं नाहीस.

मी स्वतः सेव्हिलला सासूबाईंना घेऊन गेले होते. तिथले लोक ‘सेव्हिया’ म्हणतात, मीही आता तसंच लिहिते. सासूबाईंना राजवाडा दाखवला, कॅथेड्रल दाखवलं. घरी आल्यावर त्या कॅथेड्रलबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. नदीपलीकडच्या त्रियाना भागात चिनीमातीच्या फरशांचं दुकान होतं, तिथे त्या तासभर रमल्या होत्या. घराच्या नंबरासाठी एकेका आकड्याची फरशी तिथे मिळते, निळ्या-पिवळ्या वेलबुट्टीची. त्यांनी ‘१’ आणि ‘७’ निवडले, साडीच्या घडीत गुंडाळून आणले. आमच्या दाराशेजारी त्या फरशा आजही आहेत. येणाऱ्या प्रत्येकाला त्या दुकानाची गोष्ट सांगायच्या.

तर पर्याय काय आहेत ते बघू. बाबांनी अलहंब्राचंच नाव काढलं, तोच त्यांचा हट्ट निघाला, तर खुशाल तिथे जा. पण मग सेव्हिया सोड. मालागाला उतरायचं आणि तिथून बसनं दीड-दोन तासांत ग्रनाडा गाठायचं. पूर्ण दिवस अलहंब्रा आणि आसपास. मात्र ग्रनाडा चढणीचं गाव आहे, जुनी वस्ती टेकडीवर आहे, गुडघ्याला सोसेल का ते बाबांनाच विचार. दुसरा पर्याय, सोमवारची रजा मिळत असेल तर सेव्हियासोबत कोर्दोबा. तिथली मशीद इ.स. ७८५ च्या सुमारास बांधायला घेतली, पुढची दोनशे वर्षं ती वाढत गेली, आणि सोळाव्या शतकात तिच्या पोटातच चर्च उभं केलं. लाल-पांढऱ्या दुहेरी कमानी आणि आठशेहून जास्त खांब, ते खरंच बघण्यासारखं आहे. सगळं सपाटीवर आहे, स्टेशनहून टॅक्सीनं दहा मिनिटं. तिसऱ्या दिवशी आरामात होईल, दोन दिवसांत नाही.

दोनच दिवस असतील तर माझं मत तुझ्या नवऱ्याच्या बाजूनं आहे. सेव्हिया सपाट आहे, बघायच्या बहुतेक जागा जवळजवळ आहेत, बसायला बाकं भरपूर, आणि ऑक्टोबरात दुपारी पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास ऊन असतं. हेच पत्र जुलै-ऑगस्टसाठी असतं तर मी ‘आई-बाबांना नेऊच नकोस’ म्हटलं असतं. तेव्हा तिथे पारा चाळीसच्या वर जातो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

दिवस कसे लावायचे यात एक मेख आहे. लहान दुकानं शनिवारी दुपारनंतर बरीचशी बंद होतात आणि रविवारी तर बाजार थंडच. रविवारी सकाळी कॅथेड्रलमध्ये मिस्सा असते, पर्यटकांना दुपारनंतरच सोडतात. राजवाडा मात्र रविवारीही सकाळपासून उघडा. म्हणून शनिवारची सकाळ त्रियानाला द्यावी. टॅक्सीनं पुलाच्या अलीकडे उतरा आणि तो जुना लोखंडी पूल चालत ओलांडा. ग्वादालकिवीर नदी तिथे संथ आहे. १५१९ च्या ऑगस्टमध्ये मॅजेलन या दर्यावर्दीची पाच जहाजं याच नदीतून निघाली होती. तीन वर्षांनी पृथ्वीला फेरी घालून एकच परतलं, त्यावर अठरा माणसं. मॅजेलन त्यांत नव्हता. बाबांना ही गोष्ट पुलावर उभं राहून सांग. पूल संपला की लगेच त्रियानाची मंडई. शनिवारी सकाळी ती गजबजलेली असते. आईला कुठल्याही संग्रहालयापेक्षा ती आवडेल अशी माझी अटकळ आहे. टोमॅटोचे प्रकार बघेल, भाव विचारेल, वांग्याला हात लावेल (हात लावलेला तिथल्या विक्रेत्यांना आवडत नाही, तेवढं सांगून ठेव). फरशांची दुकानं तिथून दोन पावलांवर.

जेवून दीड-दोन तास खोलीवर झोप. हा वेळ वाया गेला असं समजू नकोस. सगळं शहरच तेव्हा घरात असतं. पाचला टॅक्सीनं प्लाझा दे एस्पान्या. १९२९ च्या इबेरो-अमेरिकन प्रदर्शनासाठी वास्तुरचनाकार अनिबाल गोन्सालेस यांनी बांधलेली ही अर्धवर्तुळाकार इमारत. पुढे छोटा कालवा, त्यावर चार पूल. स्पेनच्या एकेका प्रांतासाठी रंगीत फरशांचा एकेक कोनाडा, त्यात त्या प्रांताचा नकाशा आणि इतिहासातला प्रसंग, आणि प्रत्येक कोनाड्यात बसायला बाक. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. ऑक्टोबरात सूर्य आठच्या सुमारास मावळतो, तोवर तिथून हलू नका. कमानींखाली बरेचदा कोणीतरी फ्लामेंको नाचत असतं. तो नाच नीट बघायचा असेल तर शहरात तासाभराचे छोटे प्रयोग होतात. आईचं बोट नाचाच्या फोटोवर पडलं तर संध्याकाळी सातच्या आसपासचा प्रयोग धर आणि प्लाझाला तासभर आधी जा. फ्लामेंको घडवण्यात मोठा वाटा असलेल्या हितानो, म्हणजे स्पेनमधल्या जिप्सी लोकांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी आपल्या वायव्य भारतातून निघाले, हे आईला आधी सांगितलंस तर ती ते पायांचे ठेके वेगळ्या कानांनी ऐकेल.

रविवारी सकाळी साडेनऊला राजवाडा, म्हणजे आल्कासार. पहिल्याच वेळेचं तिकीट काढ, तेव्हा गर्दी कमी असते. ख्रिस्ती राजा पहिला पेद्रो यानं १३६४ मध्ये मुस्लिम शैलीत, त्याच घडणीच्या कारागिरांकडून हा महाल बांधून घेतला. भिंतींवर अरबी अक्षरं, छताला कोरीव लाकूड. वरच्या मजल्यावर स्पेनचं राजघराणं आजही उतरतं. मागे मोठी बाग आहे, मोर आहेत. आईला बागेत सोड आणि बाबांना ‘अॅडमिरलच्या दालना’त ने. १५०३ मध्ये स्थापन झालेल्या व्यापारगृहाचा कारभार तिथून चालायचा. अमेरिकेशी होणारा स्पेनचा सगळा व्यापार दोनशे वर्षं या एका शहरातून मोजूनमापून, नोंद करून जात होता.

त्या नोंदी कुठे गेल्या, हे महसुलातला माणूस विचारणारच. बाहेर पडल्यावर समोरच ‘इंडीज’चं, म्हणजे स्पेनच्या अमेरिकेतल्या नि इतर वसाहतींच्या कागदपत्रांचं, अभिलेखागार आहे, १७८५ मध्ये तिसऱ्या कार्लोसनं स्थापन केलेलं. त्रेचाळीस हजारांच्या आसपास बस्ते, आठ कोटींच्या आसपास पानं. आपल्याकडे पेशवे दफ्तराचे रुमाल असतात ना, तसे. प्रवेशाला पैसे लागत नाहीत, रविवारीही दुपारपर्यंत उघडं असतं (निघण्याआधी वेळ एकदा तपासून घे). आत फिरायला अर्धा तास पुरतो. ज्यांनी आयुष्यभर सात-बारा आणि फेरफार सांभाळले, त्यांना तिथे उभं राहिल्यावर काय वाटेल, याची मला फार उत्सुकता आहे. मला कळव.

कॅथेड्रल राहिलं, म्हणशील. शनिवारी त्रियानाऐवजी तेही करता येतं, कोणाचा हट्ट तोच असेल तर जरूर कर. १४०१ मध्ये ठरवून शंभर वर्षं बांधलेलं हे जगातलं सर्वांत मोठं गॉथिक कॅथेड्रल. आत कोलंबसची कबर आहे, स्पेनच्या चार जुन्या राज्यांच्या भालदारांच्या पुतळ्यांनी खांद्यावर घेतलेली. शेजारचा हिराल्दा मनोरा मुळात बाराव्या शतकातल्या मशिदीचा मिनार. वर जायला पायऱ्यांऐवजी पस्तीस उतार आहेत. बांग देणारा घोड्यावरून वर जात असे, असं सांगतात. चढताना गुडघ्याला त्यामुळे बरं पडतं, उतरताना मात्र कळ येते, म्हणून बाबांना भरीस घालू नकोस. खालच्या संत्र्यांच्या चौकात बसू दे. या शहराच्या रस्त्यांवर हजारो संत्र्यांची झाडं आहेत. ऑक्टोबरात फळं हिरवी असतील. ती कडू जातीची, खायची नाहीत. स्पॅनिशमध्ये संत्र्याला ‘नारांखा’ म्हणतात. शब्द अरबीतून गेला, अरबीत फारसीतून, आणि त्याच्या मुळाशी आपलं संस्कृत ‘नारंग’ आहे. भाषा शिकवलेल्या बाईंना हे त्या झाडाखाली सांगायला हवं.

खाण्याचं थोडं सविस्तर लिहिते, कारण शाकाहारी माणसाची सहल बिघडते ती जेवणाच्या टेबलावर. स्पेनमध्ये ‘भाजीचं आहे’ म्हणून दिलेल्या पदार्थावर सुक्या डुकराच्या मांसाचे तुकडे सहज भुरभुरतात, साध्या कोशिंबिरीत ट्यूना मासा असतो. ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही; ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन, सिन उएवो’ असं सांग, म्हणजे मांस, मासे, हॅम, अंडं यांपैकी काही नको. कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेव. ‘तोर्तिया’ म्हणजे बटाट्याचं जाड आम्लेट, ते आईसाठी नाही. ‘सालमोरेखो’ हे टोमॅटोचं दाट गार सार चांगलं असतं, पण वर अंडं नि हॅम घालतात, ते न घालता मागव. ‘गास्पाचो’ बिनधास्त. आणि सेव्हियाचा खास पदार्थ आहे ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’, पालक आणि काबुली चणे, जिऱ्याच्या वासाचा. पहिल्या घासाला आई म्हणेल, ‘अगं, ही तर आपलीच पातळ भाजी!’ सकाळी भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो नि ऑलिव्हचं तेल. गोडात ‘तोर्तास दे आसेइते’, बडीशेपेच्या वासाच्या पातळ कुरकुरीत पोळ्या, तेलातल्या. ‘मान्तेकादो’ नको, त्यात डुकराची चरबी असते.

जेवणाच्या वेळा मात्र आपल्या नाहीत. दुपारचं जेवण दोनला, रात्रीचं नऊनंतर, आणि मधल्या वेळात बरीच स्वयंपाकघरं बंद. आईला आठला जेवायची सवय असेल तर दुपारीच पोटभर जेवा आणि रात्रीचं खोलीवर थोडक्यात उरका. छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घे. शनिवारचा उपास असेल तर साबुदाणा घरूनच भिजवायला ने. खिचडी खाताना बाबांना सांग, की साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा, शिवाय बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. कोलंबसनंतर ते जगभर गेलं, आपल्याकडे बरंचसं पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलं. आपला उपास ज्या पदार्थांवर उभा आहे ते ज्या खंडातून आले, त्याच्याशी चाललेल्या स्पेनच्या व्यापाराची कागदपत्रं त्या ‘इंडीज’च्या अभिलेखागारात आहेत.

थोडं कागदपत्रांचं. आई-बाबांचे पासपोर्ट बरोबर ठेव, शेंगेन देशांतल्या (युरोपात एकाच व्हिसावर फिरता येतं त्या देशांतल्या) प्रवासातही. खोली देतानाही मागतात. राजवाड्यात नि कॅथेड्रलमध्ये ६५ वर्षांवरच्यांना सवलतीचं तिकीट असतं, तिथेही पासपोर्टच लागेल. विम्याचा कागद आणि बाबांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. १२ ऑक्टोबर हा स्पेनचा राष्ट्रीय सणाचा दिवस आहे, त्याला जोडून लोक सुट्ट्या घेतात, तेव्हा खोली आणि राजवाड्याचं तिकीट या आठवड्यातच काढ. सांता क्रूझ या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या फोटोत सुंदर दिसतात, पण टॅक्सी दारापर्यंत येत नाही आणि बॅगेची चाकं दगडांत अडकतात. नदीजवळच्या एल आरेनाल भागात खोली बघ, लिफ्ट आहे का ते लिहून विचार.

हे सगळं सेव्हियाबद्दल झालं, पण अशाच पत्रात कोणी लिस्बन लिहितं, कोणी रोम, कोणी लहान मुलांना घेऊन बार्सिलोना. त्यांनाही मी हेच सांगेन, की दिवस मोजण्याआधी जागेपणीचे तास मोजा, आणि ज्यांच्यासाठी जाताय त्यांना एक तरी गोष्ट स्वतः निवडू द्या.

तुझा रकान्यांचा कागद फाडू नकोस. त्यावर शनिवारी दोन आणि रविवारी दोन गोष्टी राहू देत, बाकी रकाने कोरे ठेव. नवऱ्याला दाखव, तो खूश होईल.

आणि एक. स्पेनचं घड्याळ १९४० मध्ये तासभर पुढे केलं ते परत मागे घेतलंच नाही, त्यामुळे ऑक्टोबरात तिथे सूर्य उगवायला साडेआठ होतात. आई-बाबा साडेपाचला उठून अंधारात बसणार, आणि खालचा कॅफे आठशिवाय उघडणार नाही. चहापत्ती, साखर, आलं आणि छोटं पातेलं बॅगेत टाक. तूही उठ त्यांच्याबरोबर.

तुझी,
ताई